वाळकेश्वर ते कैसरबाग : पंडित विष्णू नारायण भातखंडे

मुंबईच्या मलबार टेकडीच्या टोकाशी वाळकेश्वराचे देऊळ आणि बाणगंगेचे तळे आहे. तळ्याच्या पायऱ्यांभोवती धर्मशाळा, मठ आणि लहानमोठी देवळे दाटीने उभी आहेत. या परिसरात १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म झाला. घर मध्यम स्थितीतले होते. वडील व्यवसायाने गवई नव्हते, परंतु गाण्याची गोडी असलेले होते, आणि मुलांच्या कानावर चांगले सूर पडावेत याविषयी ते दक्ष असत. आईच्या तोंडची पदे लहानग्या विष्णूने ऐकता ऐकता उचलली. पुढे त्याच्या हाती बासरी आली. पहाटेची काकडआरती, उत्सवातली कीर्तने, आरत्यांचे घंटानाद हे ज्या मुलाचे बाळकडू, त्याने मोठेपणी देवाच्या नावाने गाणारा हरिदास व्हावे हे स्वाभाविक ठरले असते. तसे झाले नाही. देवळाच्या सावलीत रुजलेली श्रद्धा या मुलाच्या ठायी अगदी निराळ्या रूपाने वाढली.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे धडे घेण्यास आरंभ केला. सभ्य घरातल्या मुलाने शाळा-कॉलेज करावे, नोकरी किंवा वकिली धरावी, गाणेबजावणे फार तर फावल्या वेळेपुरते ठेवावे, अशी त्या काळची समजूत होती. भातखंड्यांनी ती वरकरणी पाळली. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले, १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. मात्र १८८४ पासून ते गायन उत्तेजक मंडळीचे सभासद होते. ही संस्था मुंबईतील पारशी रसिकांनी १८७० मध्ये स्थापन केली होती. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे आणि अली हुसेन खाँसाहेबांकडून ख्याल, अशी तालीम त्यांना वर्षानुवर्षे मिळाली. पारशी यजमानांच्या संस्थेत एक हिंदू बुवा आणि एक मुसलमान खाँसाहेब एका ब्राह्मण वकिलाला गाणे शिकवीत आहेत, हे दृश्य जुन्या मुंबईखेरीज अन्यत्र क्वचितच दिसले असते. भातखंड्यांच्या पुढील आयुष्याची सारी दिशा या दृश्यात बीजरूपाने होती.

तालीम घेताना वकिलाची बुद्धी स्वस्थ बसेना. एकच राग दोन गवयी दोन तऱ्हांनी गात. एकाला जो स्वर वर्ज्य, तो दुसऱ्याला प्रिय. विचारले तर उत्तर एकच मिळे : आमच्या घराण्यात असेच चालत आले आहे. संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यांत रागांची नावे ओळखीची, परंतु वर्णन गाण्याशी जुळत नसे. साक्षीपुरावे एकमेकांना छेद देत असलेला हा दावा कसा सोडवावा, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. तरीही चाळिशीपर्यंत तो एका सुखवस्तू गृहस्थाचा छंदच होता.

१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये मुलगीही गेली. तीन वर्षांत घर रिकामे झाले.

अशा आघातानंतर मनुष्य एकतर संसाराला पाठ फिरवतो, नाहीतर दुसरा संसार मांडतो. भातखंड्यांनी पुन्हा विवाह केला नाही आणि संन्यासही घेतला नाही. वकिलीतून मात्र त्यांनी अंग काढून घेतले. उरलेले आयुष्य त्यांनी संगीताच्या शोधाला वाहिले. आपल्या दुःखाविषयी त्यांनी फारसे लिहून ठेवलेले नाही. ज्याने हजारो पाने लिहिली, त्याचे हे मौन लक्षात राहण्यासारखे आहे. त्यांच्या पुढील तीस वर्षांच्या दिनक्रमाकडे पाहिले म्हणजे एवढे दिसते की, दैवाने जे हिरावून नेले त्याचा हिशेब मांडीत बसण्यापेक्षा, पूर्वसूरींनी जे मागे ठेवले होते त्याची मोजदाद करण्यात या माणसाने आपले मन गुंतविले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर अशी ही वाट यात्रेकरूंचीच होती, आणि रामेश्वराचे दर्शन कोणत्याही मराठी घरात पुण्यप्रद मानले जाई. भातखंडे मात्र गावोगावी पंडितांची घरे आणि पोथ्यांची दप्तरे शोधीत होते. तंजावर म्हणजे भोसले राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचे नगर. एट्टयापुरम येथे त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. कर्नाटक संगीताचा प्रचंड संग्रह दीक्षितरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. व्यंकटमखीच्या सतराव्या शतकातील ग्रंथात बहात्तर मेळांची जी मांडणी आहे, ती या प्रवासात भातखंड्यांच्या हाती लागली आणि त्यांच्या प्रश्नाला वाट फुटली. उत्तरेच्या रागांचीही अशीच, परंतु आटोपशीर व्यवस्था लावता येईल असे त्यांना वाटू लागले. पुढे त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे दहा थाट कल्पून त्यांत राग बसविले. या दहांत सगळे राग नीट बसत नाहीत, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो खोटा नाही. परंतु संगीताचा आरंभ करणाऱ्या मुलाला आज जी पहिली यादी पाठ करावी लागते, ती हीच.

दक्षिणेनंतर १९०७ आणि १९०८ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, काशी, प्रयाग, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदेपूर असा त्यांचा संचार झाला. रोज रात्री ते दिवसभराची रोजनिशी लिहीत. कोण भेटले, काय गायले, काय सांगितले आणि काय टाळले, याची त्यात नोंद असे. जयपुरात मुहम्मद अली खाँ यांच्या घराण्याकडून शेकडो चिजांचा ठेवा त्यांना मिळाला. रामपूरचे नबाब हमीद अली खाँ हे स्वतः जाणकार होते, आणि तानसेनाच्या कन्यावंशातील उस्ताद वझीर खाँ त्यांच्या दरबारी होते. त्या दरबारी जाऊन भातखंड्यांनी विद्या मागितली. पन्नाशीच्या आसपासच्या, कायदा शिकलेल्या, संस्कृतात ग्रंथ रचणाऱ्या ब्राह्मणाने शागिर्द होऊन उस्तादांसमोर बसणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

येथे त्यांच्या स्वभावातील एक गाठ सोडून पुढे जाता येत नाही. उस्तादांच्या गळ्यातील विद्येपुढे भातखंडे नतमस्तक होत. परंतु त्यांच्या शास्त्रज्ञानाविषयी त्यांनी वेळोवेळी कठोर लिहिले आहे. विद्या लपवून ठेवणारे, कारण विचारले की रागावणारे, असे चित्र त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येते. ज्याच्या घराण्याची पोटाची भाकरी त्या चिजांवर अवलंबून होती, त्याने त्या परक्याला सहजी का द्याव्यात, हा प्रश्न त्यांच्या टीकेत पुरेसा उमटत नाही. क्रमिक पुस्तकांत छापलेली प्रत्येक चीज कोणाकडून मिळाली, हेही प्रत्येक ठिकाणी सांगितलेले नाही. त्यामुळे देणाऱ्यांपैकी काहींच्या मनात सल राहिला. अशा थोर माणसाच्या चरित्रात हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. कृतज्ञता त्यांच्या ठायी होती. शब्दांत मात्र ती कधी कधी कमी पडली. त्यांनी जे केले त्यातून ती अधिक स्पष्ट दिसते, आणि त्याचा पुरावा लखनौला मिळतो.

१९०९ पासून त्यांचे ग्रंथ येऊ लागले. संस्कृतातील श्रीमल्लक्ष्यसंगीत त्यांनी चतुर पंडित या टोपणनावाने लिहिले. त्याचे विवरण म्हणून हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी आपल्या मातृभाषेत, मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने रचला. उत्तर हिंदुस्थानातील समग्र रागसंगीताची चर्चा करणारा हा पायाभूत ग्रंथ मराठीत आहे, याची मराठी वाचकालाच पुष्कळदा आठवण नसते. चिजा स्वरलिपीसह देणारी क्रमिक पुस्तकमालिका सहा भागांत निघाली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली आणि तारसप्तकाला वर टिंब. खुणा इतक्या सोप्या की शाळकरी मुलानेही वाचाव्यात. ग्रंथ छापण्याचा भार शिष्य भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी वाहिला.

याच काळात कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला भक्तीच्या वाटेने घरोघर पोचविण्याचे कार्य मांडले होते. दोघेही विष्णू, दोघेही मराठी. पलुस्करांची श्रद्धा रामनामावर होती. भातखंड्यांची श्रद्धा चिकित्सेवर होती. आजचे संगीत थेट सामवेदातून उतरले, असे सांगितले की श्रोते सुखावत, पण पुरावा दाखविता येत नाही म्हणून भातखंडे ते म्हणत नसत. देवळाच्या परिसरात जन्मलेल्या माणसाने धर्माभिमानाला खूष करणारे विधान केवळ खरे नाही म्हणून टाळावे, हीही निष्ठाच होय.

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या साहाय्याने ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघाले. त्याच वर्षी दिल्लीच्या परिषदेत संगीताची राष्ट्रीय अकादमी स्थापण्याचा ठराव झाला, परंतु पैशाअभावी तो कागदावर राहिला. ही निराशा मोठी होती. चौथी परिषद १९२४ च्या अखेरीस आणि पाचवी पुढल्या वर्षी, अशा लागोपाठ दोन परिषदा लखनौला झाल्या आणि तेथे काम जमले. राय उमानाथ बली हे त्यामागचे चालक होते. त्यांचे आप्त राय राजेश्वर बली हे संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री होते. १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव देण्यात आले.

लखनौ हे नबाब वाजिद अली शाह यांचे नगर. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, नबाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेले आणि त्यांच्या आश्रयाची कला कोठ्यांत आणि मोजक्या उस्तादांच्या घरांत उरली. कुलीन घरांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. कैसरबागेतील ज्या परीखान्यात नबाबांच्या काळी नृत्यगायनाची तालीम चाले, तीच वास्तू पुढे या महाविद्यालयाला लाभली. भातखंड्यांनी तेथे केवळ आपल्या मराठी शिष्यांना नेमले असते तरी कोणी हरकत घेतली नसती. परंतु लखनौच्या तबल्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ आणि सरोदिये सखावत हुसेन खाँ यांना तेथे अध्यापक म्हणून मानाने स्थान मिळाले. घराण्याची विद्या वर्गात, फळ्यासमोर, वेतन घेऊन शिकवणे उस्तादांनी मान्य केले, आणि ज्या विद्येच्या लपवणुकीवर भातखंड्यांनी टीका केली होती, तिच्या धन्यांना त्यांनी शिक्षकाचे पद दिले.

महाविद्यालय चालविणे सोपे नव्हते. पैशाची चणचण नित्याची. मुंबईहून भातखंडे राय उमानाथ बली यांना पत्रे लिहून खर्च, शिक्षक, परीक्षा यांची काळजी वाहत. वर्षातून लखनौला जाऊन ते काम पाहत आणि परीक्षा घेत. १९२८ मध्ये त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे प्राचार्यपद आले. रातंजनकरांनी बडोद्यास आग्र्याचे उस्ताद फैयाझ खाँ यांचीही तालीम घेतली होती. पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी लखनौत काढली.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघाताने गाठले. मांडीचे हाडही मोडले आणि ते अंथरुणास खिळले. त्यांच्या ग्रंथाचा चौथा भाग आदल्या वर्षीच बाहेर पडला होता. शिष्य येत, लखनौच्या वार्ता कानी येत. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी खलिफा आबिद हुसेन खाँही निवर्तले.

१९६६ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने मॅरिस महाविद्यालय आपल्याकडे घेऊन त्याला भातखंड्यांचे नाव दिले. आता ते विद्यापीठ आहे. ज्या वर्षी भातखंडे गेले त्याच सुमारास बेळगावकडील बैलहोंगलचा कृष्णा गिंडे हा अकरा वर्षांचा मुलगा आईबापांना सोडून लखनौला आला. तो रातंजनकरांच्या घरी घरातल्या मुलासारखा राहू लागला आणि कैसरबागेत रोज सकाळी क्रमिक पुस्तकातल्या चिजा घोकू लागला.