डिक्सी डीन आणि जॉर्ज कॅमसेल

विल्यम डीन, ज्यास लोक डिक्सी म्हणत, हा इ. स. १९०७ मध्यें इंग्लंडांतील बर्कनहेड येथें जन्मला. १९२६ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत त्याच्या कवटीस तडा गेला. तो पुन्हां फुटबॉल खेळूं शकेल किंवा नाहीं, याची डॉक्टरांसही शंका होती. त्यापुढील हंगामांत मिडल्सबरो संघाच्या जॉर्ज कॅमसेलनें दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्यें ५९ गोलांचा उच्चांक स्थापिला. पण वर्ष उलटतें न उलटतें तोंच एव्हर्टनचा डीन, तोही पहिल्या श्रेणींत, त्याच्या पाठोपाठ येऊं लागला.

ता. ५ मे १९२८ रोजीं आर्सेनलविरुद्धच्या शेवटच्या सामन्यास तो उतरला, तेव्हां त्याचे ५७ गोल झाले होते. तीन हवे होते. दोन लवकरच झाले. तिसऱ्यासाठीं मात्र प्रेक्षकांस सामना संपत येईपर्यंत तिष्ठावें लागलें. अखेर कोपऱ्यावरून आलेला चेंडू डीननें डोक्यानें जाळ्यांत घातला. साठ!

कॅमसेलचें नांव मागें पडलें, हें मात्र न्यायाचें वाटत नाहीं. इंग्लंडतर्फे दोघांचेही गोल सारखेच, १८. त्यांसाठीं डीनला १६ सामने लागले, कॅमसेलला अवघे ९. त्यांतील एकही सामना त्याच्या गोलावांचून गेला नाहीं.

कॅमसेल १९६६ सालीं वारला. डीन १९८० सालीं एव्हर्टन व लिव्हरपूल यांचा सामना पाहावयास गेला असतां हृदयविकारानें निवर्तला. तें मैदान गुडिसन पार्क, जेथें त्याचा साठावा गोल झाला होता.