पायलटशिवाय विमान उडवल्याचा दावा ज्यांच्या नावावर आहे, ते शिवकर बापूजी तळपदे

राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये मराठी माणसाने मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो माणूस म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. जन्म १८६४, मुंबईचा. शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पण नाद लागला तो संस्कृत ग्रंथांतली विमानविद्या शोधण्याचा. विमानाचं नाव मरुत्सखा. म्हणे १५०० फूट वर गेलं आणि आत माणूसच नव्हता. मग त्याला वळवत कोण होतं? रेडिओवर चालणारी छोटी बोट टेस्लाने दाखवली तीच १८९८ मध्ये. चौपाटीवरच्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही. तळपद्यांची खटपट मात्र खरी मानायला हरकत नाही. १९१६ च्या सुमारास ते गेले. जवळपास शंभर वर्षांनी, २०१५ च्या ‘हवाईजादा’ सिनेमात आयुष्मान खुरानाने त्यांची भूमिका केली.