सिंदखेडराजाचा वाडा आणि राजमाता जिजाऊ

आपल्या वडीगोद्रीतून अंबड, जालना करत एस.टी.नं निघालं की एका दिवसात सिंदखेडराजा बघून परत येता येतं. रस्त्यालगतच लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा भव्य दरवाजा दिसतो. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, असे मानतात. जयंतीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी गर्दी कमी असते, तेव्हा निवांत बघावा.

पण नुसत्या भिंती बघून भागत नाही. या घरची लेक काय काय सोसून उभी राहिली, हे समजलं पाहिजे. शहाजीराजांशी लग्न झालं आणि पुढं माहेर-सासरात वैर आलं. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याचं निमित्त झालं, तलवारी चालल्या. भाऊ दत्ताजी गेला, सासरचे चुलतदीर संभाजीही गेले. २५ जुलै १६२९ ला दौलताबादेच्या दरबारात वडील लखुजीराव, दोन भाऊ आणि भाचा यांना दग्यानं मारलं. तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

पुढं त्या पुण्याला आल्या. आदिलशाही फौजेनं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता. पळालेली रयत जिजाऊंनी परत बोलावली, शेती उभी केली, तंट्यांचे निवाडे केले. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडला. १६६४ मध्ये शहाजीराजे वारले. तेव्हा त्या सती निघाल्या होत्या, शिवरायांनी अडवलं, असं बखरकार सांगतात. त्या राहिल्या म्हणूनच १६६६ मध्ये राजे आग्र्याला अडकले असताना राज्याला आधार होता. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून अवघ्या ११ दिवसांनी, १७ जूनला, रायगडाखाली पाचाडला त्यांनी देह ठेवला. तिथंही त्यांच्या वाड्याचे अवशेष आणि समाधी आहे.

गाव वसवणं, न्याय देणं, कारभार बघणं ही कामं साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं केली. आज मात्र बाई सरपंच झाली की शिक्का नवऱ्याच्या खिशात जातो, अशी गावं आपण बघतोच. म्हणून वाडा बघायला जाताना लेकी-सुनांना सोबत न्या, आणि परत आल्यावर त्यांचा शिक्का त्यांच्याच हाती राहू द्या.