पठ्ठे बापूराव : ढोलकीमागे गेलेला कुलकर्णी



मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ एक गजबजलेला रस्ता आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजूनही फॉकलंड रोडच. त्याचे आजचे नाव मात्र पठ्ठे बापूराव मार्ग. कामधंद्यासाठी आपल्या वाशीमकडून मुंबईला गेलेल्यांपैकी काहींनी ते नाव वाचले असेल. पण हे पठ्ठे बापूराव कोण, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

बापूरावांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी रेठरे हरणाक्ष या गावी झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात येते. घरात कुलकर्णीपणाचे वतन होते, म्हणजे गावाचा हिशेब, महसुलाचे दप्तर आणि त्याबरोबर मिळणारा मान. औंध संस्थानच्या आश्रयाने त्यांना थोडे इंग्रजी शिक्षणही मिळाले. पण ऐन तारुण्यात आईवडील वारले आणि वतन सांभाळायला त्यांना गावी परतावे लागले.

हातात दप्तर होते, पण मन ढोलकीत. कवने रचण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. गावातील तमाशाच्या फडासाठी ते लावण्या रचून देऊ लागले. पुढे स्वतःच फडात जाऊन बसू लागले. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी तमाशा हा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजातील कलावंतांचा. रात्री सारे गाव तो बघायला जाई आणि सकाळी त्याच कलावंतांची सावली टाळी. अशा ठिकाणी ब्राह्मण कुलकर्णी मांडी घालून बसला, तेव्हा गावात गहजब झाला. बापूरावांनी वतन सोडले, घर सोडले, पण फड सोडला नाही.

त्यांची खरी कीर्ती झाली ती पवळाच्या साथीने. पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगावची, महार समाजातील नामांकित नर्तकी व गायिका. शब्द बापूरावांचे आणि अदाकारी पवळाची, असा मेळ जमला आणि त्यांच्या फडाचे नाव महाराष्ट्रभर झाले. गण, गवळण, सवाल-जवाबाच्या लावण्या आणि शेवटी वग, असा रात्रभराचा खेळ चाले. त्यांचा मिठाराणीचा वग विशेष गाजला. मुंबईत पिला हाऊसच्या परिसरात तमाशाची थिएटरे होती. गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना तिथे आपली भाषा आणि आपली ढोलकी ऐकायला मिळे. बापूरावांच्या रचनांची संख्या लोक लाखांत सांगतात. नेमकी मोजदाद कोण करणार? पण त्यांच्या लावण्या पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहिल्या, हे मात्र खरे.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्हांला फार विचार करायला लावतो. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न निधीसाठी देऊ केले, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. बापूरावांना हा घाव केवढा लागला असेल! या लोकांसाठीच तर आपण जात सोडली, असे त्यांना वाटले असणार. पण बाबासाहेबांचा प्रश्नही खोटा नव्हता. एकाने स्वतःच्या मर्जीने मान सोडला होता. दुसऱ्यांना तो कधी मिळालाच नव्हता. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. कोणाच्या पंगतीला जाऊन बसणे चांगलेच, पण त्या पंगतीत ज्यांना जन्मतःच बसवले गेले, त्यांना उठून दुसरीकडे बसण्याची मुभा आहे का, हेही विचारावे लागते.

पुढे पवळा आणि बापूराव यांची ताटातूट झाली. फडाला उतरती कळा लागली. ज्यांच्या लावणीवर लोकांनी पैसे उधळले, त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अवघ्या पाच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला. मुंबईतील रस्त्यालाही त्यांचे नाव मिळाले. त्या नावाशेजारी पवळाचे नाव मात्र नाही.

आपल्याकडेही जत्रेत तंबू लागतात, लग्नात बँडवाले येतात, ऑर्केस्ट्रात कोणाची तरी लेक रात्री दोन वाजेपर्यंत गात असते. आपण टाळ्या वाजवतो, शिट्टीही मारतो. मग जेवणाची पंगत बसते तेव्हा ही माणसे कुठे असतात? बहुधा मांडवाच्या मागे, टेम्पोजवळ, आपली पाळी येण्याची वाट बघत. पुढच्या लग्नात त्यांच्यापैकी एकाला नाव विचारू या आणि आपल्या शेजारी जेवायला बसवू या. पवळासाठी आज आपण एवढे तरी करू शकतो.