डोलकाठीवर नेम धरणारा सरखेल

जूचंद्रहून नायगावला येऊन चर्चगेटची लोकल पकडली की दोन मिनिटांत खाडीचा पूल लागतो. खालच्या होड्यांना आता इंजिन असतं, शीड क्वचितच दिसतं. तीनशे वर्षांपूर्वी मात्र या किनाऱ्यावर सगळा कारभार शिडांवर चालायचा आणि आपल्या वसईत राज्य होतं पोर्तुगीजांचं. पोर्तुगीज, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांनाही पुरून उरले ते कान्होजी आंग्रे.

जन्म 1669 चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं नाव झालं ते हर्णैच्या सुवर्णदुर्गावर. पुढे त्यांना मराठी आरमाराचं 'सरखेल' हे पद मिळालं आणि अलिबागचा कुलाबा किल्ला त्यांचं मुख्य ठाणं झाला.

त्यांच्याकडे युरोपियनांसारखी अवाढव्य जहाजं नव्हती. मग ते जिंकायचे कसे? उत्तर डोलकाठीत आहे. वारा शीड पकडतं, पण सगळा भार येतो डोलकाठीवर. ती नुसती खोचून उभी राहत नाही. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी जाड दोरांनी ताणून धरावी लागते. दोर सैल पडला तर काठी हलते, एकाच बाजूला जास्त ताणला तर वाकते. म्हणून कुठे दोर घासलाय, कुठे ढिला झालाय, हे खलाशांना सतत बघावं लागतं. मोठ्या जहाजाच्या उंच डोलकाठ्या तर पूर्णपणे या दोरांच्याच भरवशावर.

आंग्र्यांच्या आरमाराने नेमकी हीच दुखरी जागा हेरली. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं तोफांच्या गुराबांना ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला न्यायची. तिथे शत्रूच्या तोफा कमी. गुराबांचा मारा व्हायचा डोलकाठ्यांवर आणि दोरांवर. काठी कोसळली की जहाज जागेवरच अडकायचं. मग गलबतांतले सैनिक चारी बाजूंनी वर चढायचे.

1712 मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं जहाजच पकडलं. 1718 मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तरी किल्ला पडला नाही. बाजीराव पेशवे मदतीला आले आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून टाकला.

इंग्रजांच्या कागदांत मात्र कान्होजी 'चाचे' आहेत. का? तर ते जहाजांकडून परवान्याचे पैसे घ्यायचे आणि परवाना नसेल तर जहाज पकडायचे. पण पोर्तुगीज हेच दोनशे वर्षं करत होते! परक्याने केलं तर कायदा आणि इथल्या माणसाने केलं तर चाचेगिरी, हा हिशोब आपण किती दिवस पाठ करायचा?

4 जुलै 1729 ला कान्होजी गेले. त्यांच्या मुलांत भांडणं लागली, आरमार वाटलं गेलं. 1756 मध्ये विजयदुर्गाला त्यांचा मुलगा तुळाजीचं आरमार जळालं, आणि त्या मोहिमेत इंग्रजांसोबत पेशवेही होते. शत्रूच्या डोलकाठ्या पाडणारं हे आरमार आपल्याच दोऱ्या वेगवेगळ्या दिशांना ओढल्या गेल्याने बुडालं. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आहे 'आयएनएस आंग्रे'. पुढच्या वेळी खाडीचा पूल आला की मोबाईलमधून मान वर करून एकदा पाण्याकडे बघा.