रिमिक्समागची नाझिया

कॉलेज फेस्टमध्ये डीजेने ‘डिस्को दीवाने’ लावलं की अख्खा हॉल नाचायला लागतो. आपल्यासाठी ते ‘स्टुडंट ऑफ द इयर’चं गाणं, २०१२चं. पण त्यात मध्येच ऐकू येणारा तो किंचित नाकातला आवाज कोणाचा? तो नाझिया हसनचा. हा रिमिक्स आला, तेव्हा तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५चा, कराचीतला. फिरोज खानच्या ‘कुर्बानी’साठी संगीतकार बिड्डूने तिच्याकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतलं. १९८०मध्ये सिनेमा आला. पडद्यावर झीनत अमान आणि आवाज पंधरा वर्षांच्या मुलीचा! लता-आशाच्या त्या जमान्यात या गाण्यासाठी तिने थेट फिल्मफेअर पटकावलं. पुढच्याच वर्षी भाऊ झोहेबसोबत ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. ना सिनेमा, ना हिरो, तरी भारत-पाकिस्तान दोन्हीकडे तो तुफान चालला.

एवढं नाव होऊनही तिने शिक्षण सोडलं नाही. लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रांसाठी कामही केलं. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कॅन्सरने ती गेली. वय फक्त ३५.

२०२२मध्ये ‘अ‍ॅन अ‍ॅक्शन हिरो’त ‘आप जैसा कोई’ पुन्हा वाजलं, पण या वेळी आवाज दुसऱ्यांचे होते. रिमिक्समध्ये चाल टिकते, गाणारीचं नाव टिकेलच असं नाही. ते आपणच लक्षात ठेवायचं. तेव्हा फेस्टमध्ये बिनधास्त नाचा, पण घरी जाताना हेडफोनवर एकदा ओरिजिनलही ऐका.