अंधारातले क्षण टिपणारे डॉ. सालोमन

हातात पहिला कॅमेरा घेतला तेव्हा डॉ. एरिख सालोमन चाळिशीला आले होते. १८८६ साली बर्लिनमधील सधन ज्यू कुटुंबात जन्मलेले सालोमन कायद्याचे पदवीधर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये युद्धकैदी झाले. पुढे चलनवाढीत घरची संपत्ती गेली. उलश्टाइन या प्रकाशनसंस्थेच्या जाहिरात विभागात नोकरी करताना भिंतींवरील जाहिरातींच्या वादात पुरावा म्हणून छायाचित्रे लागत. तिथून हा नाद लागला.

१९२७च्या सुमारास त्यांनी एर्मानॉक्स घेतला. लुडविग बेर्टेले यांनी रचलेले त्याचे एर्नोस्टार भिंग १०० मिमीचे, छिद्र एफ २! एफ ४.५च्या भिंगापेक्षा पाचपट प्रकाश आत येई. एरवी वृत्तछायाचित्रकार मॅग्नेशियमची भुकटी पेटवत. धूर आणि भपका सोसून परिषदेत कोण थारा देणार?

पण हे भिंग वश करणे सोपे नव्हते. तीन मीटरवर बसलेल्या माणसावर फोकस केला, तर जेमतेम वीतभर खोली स्पष्ट येई. वक्ता किंचित पुढे झुकला की चेहरा धूसर. तशा उजेडात सेकंदाचा लहानसा अंशही पुरेना, म्हणून कॅमेरा तिवईवर ठेवून माणूस बोलता बोलता थबकण्याची वाट पाहावी लागे. शिवाय काचेची प्लेट एका वेळी एकच! आज सेकंदाला दहा चित्रे काढणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे.

१९२८मध्ये बर्लिनच्या एका खून खटल्यात त्यांनी टोपीला भोक पाडून कॅमेरा दडवला. चित्रे गाजली आणि नोकरी सुटली. त्याच वर्षी पॅरिसला केलॉग-ब्रियां कराराच्या प्रसंगी, १९३०मध्ये हेग परिषदेत मध्यरात्रीनंतर पेंगुळलेल्या मंत्र्यांसमोर आणि १९३२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही त्यांचा कॅमेरा पोहोचला. लपवाछपवीपेक्षा त्यांचा नीटनेटका पोशाख आणि भाषांवरील प्रभुत्व अधिक उपयोगी पडले असावे, असे वाटते.

१९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि सालोमन पत्नीच्या माहेरच्या देशात, हॉलंडला गेले. बेर्टेले यांच्याच पुढच्या सोनार घराण्यातले १८० मिमी, एफ २.८ भिंग १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये मैदाने टिपत होते; एर्नोस्टारला नावारूपाला आणणारा बर्लिनकर मात्र तिथे नव्हता.

१९४० साली जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या. पुढे भूमिगत झालेल्या या कुटुंबाचा ठावठिकाणा कोणीतरी फितुरीने कळवला. वेस्टरबोर्क, थेरेसिएनश्टाट आणि अखेर ऑश्विट्झ. जुलै १९४४मध्ये ५८व्या वर्षी त्यांचा अंत झाला. पत्नी आणि धाकटा मुलगाही वाचले नाहीत. थोरला मुलगा इंग्लंडमध्ये होता. काही निगेटिव्ह डच संसदेच्या ग्रंथालयात, तर काही एका परिचिताच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पुरून ठेवलेल्या होत्या. युद्धानंतर मुलाने त्या गोळा केल्या. पुरलेल्यांपैकी काहींना ओल लागली होती. उरलेला संग्रह पुढे बर्लिनच्या बर्लिनिशे गॅलरीत गेला.